मनोरमाबाईंचा शिरा

त्या वर्षी अवधपुरीतल्या लघाट्यांच्या घरात केळं येत नव्हतं. उपासाला नाही, पूजेला नाही, पाहुण्यांच्या पिशवीतूनही नाही. कुणी आणलंच, तर उदयराव ती पिशवी दारातच ताब्यात घेत आणि परस्पर कोपऱ्यावरच्या गाईपुढे रिकामी करून येत. कुणी विचारलं तर म्हणत, "शुगर निघाली आहे हिला." मनोरमाबाईंची प्रकृती ठणठणीत होती. उदयरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे एवढं सांगतानाही त्यांचे कान लाल व्हायचे.

केळं नव्हतं, पण वास होता. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, गल्लीत सामसूम झाली, की स्वयंपाकघरातून काळ्या पडलेल्या केळ्यांचा गोडमिट्ट वास यायचा. मनोरमाबाई उठत, ओट्याखाली वाकून बघत, फ्रिज उघडत, कचऱ्याचा डबासुद्धा हुंगत. कुठे काही नसे. "तुम्हाला येतोय का हो?" असं त्यांनी सुरुवातीला विचारलं. उदयराव नाही म्हणून मान हलवत आणि खिडकी उघडत. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं. वास आला की त्या खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच बसत आणि तो जाईपर्यंत हरलालचा चेहरा आठवत राहत.

हरलाल कोण, ते सांगायचं तर आधी मनोरमाबाई कोण ते सांगायला हवं. त्या नसत्या तर हरलालची काही गोष्टच झाली नसती. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे.

माहेर ग्वाल्हेरचं. लग्न होऊन आल्या त्या बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. उदयराव टर्नर म्हणून लागलेले, फोरमन होऊन निवृत्त झाले. त्या सगळ्या वर्षांत मनोरमाबाईंनी दोन गोष्टींवर राज्य केलं, शिलाई मशीन आणि सत्यनारायण. नवा कूलर आला, सत्यनारायण. स्कूटर आली, सत्यनारायण. शेजारच्या बाईचा दीर आजारातून बरा झाला, तर त्याचाही सत्यनारायण ह्यांच्या घरी. "देवाला एकदा तरी विचारा, त्याला वेळ आहे का," असं उदयराव म्हणत, पण प्रसादाच्या वेळी वाटी घेऊन सगळ्यात पुढे तेच असत.

कारण तो शिरा. सव्व्याच्या मापाचा रवा, तेवढंच साजूक तूप, तेवढीच साखर, दूध, आणि चांगली पिकलेली, सालीवर ठिपके आलेली केळी. केळं तुपात परतून रव्यात विरघळवायचं, तोंडाला तुकडा लागता कामा नये. एरवीच्या शिऱ्यात केळं नसलं तर चालतं, प्रसादाच्या शिऱ्यात नसलं तर तो प्रसादच नव्हे. बरखेड्यातले हिंदी भाषक शेजारी आपल्या कथेला भाजलेल्या कणकेची कोरडी पंजीरी वाटायचे. मनोरमाबाई ती आदराने हातावर घेत, तोंडात टाकत, आणि घरी आल्यावर म्हणत, "देव दयाळू, म्हणून खपवून घेतो बिचारा."

निवृत्तीनंतर अवधपुरीत घर बांधलं, तेव्हा शेजारच्या माडीवर 'बनसंगी' नावाची संस्था आली. तिच्या लोकांच्या मोटरसायकली लघाट्यांच्या फाटकासमोर लागायला लागल्या. मनोरमाबाई पदर खोचून भांडायला माडीवर गेल्या. तिथे खेड्यातून आलेल्या चार बायका फरशीवर बसून टोपीला मच्छरदाणीचं कापड शिवत होत्या, आणि ते शिवण पाहून बाई भांडणच विसरल्या. "अगं, ह्यातून माशी काय, कबूतर जाईल," असं मराठीतच बोलून त्यांनी एकीच्या हातातली सुई घेतली. मोटरसायकली तिथेच राहिल्या. बाईही राहिल्या.

संस्था चालवणारा समीर इंदूरचा, शेतकी शिकलेला. रायसेनच्या बाजूला जंगलाकाठच्या गावांतून मोह, चारोळी आणि मध योग्य भावाने घ्यायचा, आणि रान राखून त्यावर जगता कसं येईल ते शिकवायचं, असं तिचं काम. मधाचं प्रकरण अवघड होतं. कड्यावर लटकलेली आग्या माशांची पोळी गावकरी अमावास्येला काढत, पेटती मशाल लावून. माशा जळत, पिल्लांसकट पोळं पिळलं जाई, आणि दर वर्षी कड्यावर पोळी कमी दिसत. समीरचं म्हणणं, दिवसा चढा, अंगभर पांढरा पोशाख घाला, थोडा धूर द्या, मधाचा तेवढा भाग कापा आणि बाकीचं पोळं सोडा. माशा ते पुन्हा भरतात. सेमरढाणा हे पहिलं गाव तयार झालं, आणि पोशाख शिवले मनोरमाबाईंनी. दुहेरी कापड, मनगटाला इलास्टिक, चेहऱ्याला जाळी. हरलाल हा तिथला सगळ्यात तरबेज चढणारा. माप द्यायला आला तेव्हा त्याने लाजत विचारलं होतं, "दीदी, बीड़ी रखने को एक जेब बन जाएगी?" बाईंनी त्याच्या एकट्याच्या पोशाखाला छातीवर खिसा लावला.

पहिल्यांदा दिवसा कडा चढायचा म्हटल्यावर पूजा हवीच. समीर म्हणाला, "काकू, नारळ फोडू आणि बाजारातून पंजीरी आणू. त्या लोकांना तेच माहीत आहे."

"एवढं नवं काम, आणि देवाला भुकटी?" बाई म्हणाल्या. "शिरा मी करते. तू फक्त गाडी सांग."

सेमराच्या, म्हणजे सावरीच्या, झाडाखाली पूजा मांडली. हरलाल आणि त्याची बायको रमकली यजमान म्हणून बसायचे होते. रमकली आली ती केस पिंजारलेली, कपाळ मोकळं. त्या गावात नवरा दोरावर जायचा असला की बायको केसांना तेल लावत नाही, फणी फिरवत नाही, तो खाली येईपर्यंत तशीच बसून राहते. केसांचा गुंता सुटला की दोर सुटतो, असं मानतात. मनोरमाबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या थांबल्या असत्या का, हा प्रश्न त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारला. त्यांनी रमकलीला पुढ्यात बसवलं, पिशवीतून तेलाची बाटली काढली, चापूनचोपून वेणी घातली आणि कुंकू लावलं.

"दीदी, आज के दिन नहीं करते," रमकली हसत आणि जरा घाबरतही म्हणाली.

"भगवान के सामने सब चलता है," बाई म्हणाल्या.

कथा झाली, आरती झाली. पळसाच्या पानावर शिरा वाटला गेला आणि सेमरढाण्याने पहिल्यांदा तो चाखला. मुलं पानं चाटत बसली. सगळे ओढ्यावर हात धुऊन आले आणि माणसं कड्याकडे निघाली. मनोरमाबाई झाडाखाली भांडी आवरत होत्या. त्यांना वरचं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आधी हाळी, मग हसण्याचा आवाज, मग गिरणी सुरू झाल्यासारखा घरघराट. माशा उठल्या होत्या. पुढचं त्यांना बघणाऱ्यांकडून कळलं. दोरावर माणसं तीन होती, पण त्या काळ्या झुंबडीने दोघांना सोडून एकट्या हरलालला झाकून टाकलं. छातीशी, गळ्याशी त्या इतक्या गच्च बसल्या की पांढरं कापड दिसेना. जाळीच्या कडेतून दोनचार आत गेल्या असाव्यात. त्याने दोन्ही हात तोंडाकडे नेले, आणि दोर सुटला.

गावाने कुणाला बोल लावला नाही, म्हणजे संस्थेला लावला नाही. पोशाखाला नाही, दिवसाढवळ्या चढण्यालाही नाही. गावाकडे कारण तयार होतं. रमकलीच्या डोक्यावर तेल चकाकत होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या हातचं पाणी बंद झालं. तिच्या शेळ्यांना कुणी आपल्या कळपात घेईना. हरलाल कड्यावरच बसून आहे, बायकोला हाक मारतो, असं गुराखी सांगू लागले, आणि मग कड्याकडे कुणी जाईना. पावसाळ्याआधी रमकली मुलीला घेऊन मंडीदीपला निघून गेली, एका गोदामात पुठ्ठ्याची खोकी भरायच्या कामावर.

मनोरमाबाई तेव्हा पुष्कळ रडल्या होत्या. केस आपण विंचरले हे त्यांना टोचत होतं, पण ती टोचणी सोसण्यासारखी होती. केसांनी माणूस मरत नाही, एवढं त्यांना समजत होतं. गावाची अंधश्रद्धा म्हणून त्या चिडल्या, हळहळल्या, आणि हळूहळू पुन्हा मशीनवर बसू लागल्या. माडीवरच्या भांडारात पोशाख ओळीने खुंट्यांवर टांगलेले असत. हरलालचा पोलिसांनी नेला तो परत आला नाही, ती खुंटी तशीच राहिली. बाई तिच्याकडे न बघता सुईदोरा घेऊन येत.

मग हिवाळ्यात माडीवर शिबिर झालं. बाहेरून एक मधमाश्यांचे जाणकार आले होते, साधे, हळू बोलणारे. मनोरमाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या तेव्हा ते सांगत होते की माशी डंख मारते तेव्हा बाकीच्यांना बोलावणारा एक वास सोडते. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणून पोळ्याजवळ जाताना केळं खाऊ नका, जवळ तर मुळीच ठेवू नका. माशांना वाटतं, इथे लढाई सुरू झाली आहे, आणि सगळं मोहोळ तिथे तुटून पडतं.

बसलेल्यांनी ते ऐकलं आणि एकाने पुढचा प्रश्न विचारला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बाईंनी मात्र ट्रे मधेच फरशीवर ठेवून दिला आणि कप एकमेकांवर वाजले. समीरने वळून पाहिलं. दोघांची नजर भेटली. त्या दुपारी घरी आल्या, आणि पहिल्यांदा तो वास आला.

समीर संध्याकाळी स्वतःच आला. उदयराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला.

"काकू, तुम्ही जे सोचताय ते मलाही आलं मनात," तो म्हणाला. "पण नीट बघा. शिरा सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, दोरावरच्या बाकी दोघांनी खाल्ला. हात धुतले. मग माशा एकट्या हरलालवरच का गेल्या?"

"ते मला माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही. मग गावात जाऊन काय बोलणार? आधीच ते लोक चढायला तयार नाहीत. हे ऐकलं तर पुन्हा मशाली काढतील, नाहीतर रानच सोडतील. एवढ्या वर्षांचं काम जाईल."

"आणि रमकली?"

समीर जायला उठला. तो वाईट मुलगा नव्हता. पंधरा गावांचा संसार त्याच्या डोक्यावर होता आणि एका बाईसाठी तो पणाला लावावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काकू." उदयरावांनी दार लावलं. मग ते बायकोजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तू मारलं नाहीस गं त्याला." बाई म्हणाल्या, "मी प्रेमानं मारलं." उदयरावांनी उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

सबंध थंडी मनोरमाबाईंनी त्या एका प्रश्नाला धरून काढली. सगळ्यांनी खाल्ला, मग हरलालच का? वास आला की त्या तोच प्रश्न त्याच्यासमोर ठेवत, जणू वासाने तो ऐकून माघारी जायला हवं. काही दिवस त्यांना खरंच वाटे की समीरचं बरोबर आहे. मग कुणीतरी सेमरढाण्याहून येई आणि सांगे की गावच्या मुखियाने, पटेलांनी, रमकलीच्या घराचं दार काट्यांनी बंद केलंय. त्या दिवशी वास जास्त येई.

फाल्गुनात कळलं की नव्या हंगामाचं ठरवायला गाव सेमराखाली जमणार आहे. मनोरमाबाईंनी ठरवलं, आपण बोलायचं. पण आधी रमकलीला सांगायचं. दुसऱ्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं. उदयराव सोबत येतो म्हणाले, त्यांना नको म्हणून बाई एकट्याच बसने मंडीदीपला गेल्या.

रमकली कारखान्यांच्या मागे एका लांबलचक चाळीतल्या खोलीत राहत होती. सुट्टीचा दिवस होता, मुलगी बाहेर खेळत होती. डोक्याला तिने घट्ट फडकं बांधलं होतं. बाईंना बघून ती हसली, पण घाईने उठताना फडकं सरकलं आणि आतले केस दिसले. त्या दिवसापासून तिने त्यांना फणी लावली नव्हती. केसांच्या जटा झाल्या होत्या, वेणी तशीच्या तशी आत अडकून राहिलेली. ती वेणी आपण घातलेली आहे, हे बाईंना ओळखू आलं.

"मेरे हाथ का पानी पिएँगी, दीदी?" तिने विचारलं.

बाईंनी पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग त्या बोलायला शब्द जुळवू लागल्या. वाटेत शंभर वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते. पण रमकली आधी बोलायला लागली. वर्षभर तिच्याशी त्या दिवसाबद्दल कुणी बोललंच नव्हतं, आणि आता ती थांबेना.

"वो रात में भी आते हैं, दिन में भी," ती म्हणाली. "कुछ बोलते नहीं। बाल देखते हैं मेरे।" मग जरा वेळाने, "उस दिन भूखे गए, दीदी। चढ़ने से पहले वो खाते नहीं थे। आपका परसाद भी नहीं खाया।"

मनोरमाबाईंच्या मनात काहीतरी एकदम हलकं झालं. खाल्लाच नाही. हरलालने शिरा खाल्लाच नव्हता. म्हणजे समीर म्हणाला ते खरं, म्हणजे केळ्याचा काही संबंध नाही, म्हणजे आपण उगाच सबंध थंडी. त्यांना तिथेच रडू फुटणार होतं.

"मैंने ही डाँटा," रमकली म्हणाली. "भगवान को ना नहीं कहते। पत्ते में बाँधा और उनकी जेब में रख दिया, अपने हाथ से। बोली, उतर के खा लेना।"

तिने आपल्या छातीवर हात ठेवून दाखवलं. जिथे बाईंनी तो खिसा लावला होता, तिथेच.

मनोरमाबाईंनी रिकामा पेला पुन्हा हातात घेतला. माशा छातीशी का गेल्या, बाकी दोघांना सोडून का गेल्या, सगळं त्यांना कळलं, आणि आपण आणलेलं वाक्य आता ह्या खोलीत उच्चारता येणार नाही हेही कळलं. केसांचा दोष काढायला गेलं, तर हाताचा दोष तिच्यावर येतो. केसांचा दोष खोटा होता, हा खरा होता. खोट्या दोषाखाली जगणारी ही बाई खऱ्याखाली जगेल का, ते त्यांना सांगता येईना.

"दीदी, आप कुछ कहने आई थीं," रमकली म्हणाली.

"गाव जमतंय," बाईंनी हिंदीत सांगितलं. "तुझ्यावरचा ठपका मला काढायचा आहे. तू चल."

तिला नेणं भाग होतं. ज्याच्यावर बोट आहे तो समोर बसल्याशिवाय त्या गावात त्याचा विषय निघत नाही. परत येताना बाईंनी बसमध्ये सगळं नीट ठरवलं. शिऱ्याचं सांगायचं, केळ्याचं सांगायचं, वास हवेत होता, हातांना होता, कपड्यांना होता, असं सांगायचं. खिशाचं नाव काढायचं नाही. उदयरावांना त्यांनी तेवढंच सांगितलं. समीरला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण सकाळी गाडी घेऊन तो स्वतः दारात उभा राहिला.

सेमराला लाल फुलं आली होती. माणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या, आणि रमकली सगळ्यांपासून लांब, मुलीला मांडीवर घेऊन. मनोरमाबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या घरच्या पूजेत आणि भगिनी मंडळात सोडून कुठे बोलल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की केसांमुळे काही झालं नाही. माशांना पिकल्या केळ्याचा वास म्हणजे लढाईची हाक वाटते. त्या दिवशीच्या प्रसादात केळं होतं, आणि ते मी घातलं होतं. इथल्यासारखी पंजीरी केली असती तर हरलाल आज इथे बसला असता.

जुने पटेल बिसरामदादा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते विचार करून बोलणारे होते.

"परसाद तो सबने खाया, दीदी," ते म्हणाले. "फिर हरलाल ही क्यों?"

हा प्रश्न मनोरमाबाईंनी थंडीभर जवळ बाळगला होता, आणि तरी तो इथे येईल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी रमकलीकडे पाहिलं. रमकलीने मान वर केली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मग तिचं तोंड उघडलं.

"क्योंकि उसकी जेब में था," मनोरमाबाई तिच्या आधी, मोठ्यांदा म्हणाल्या. "वो खा नहीं रहा था। मैंने रखा। अपने हाथ से।"

रमकलीचं तोंड मिटलं.

मग बिसरामदादा उठले, लांब बसलेल्या रमकलीपाशी गेले आणि तिला म्हणाले, "बेटी, पानी पिला।" तिने कुणाच्या तरी मडक्यातलं पाणी आणून त्यांच्या ओंजळीत ओतलं आणि सगळ्या गावासमोर ते प्यायले. एका म्हातारीने मोठा हुंदका दिला. रमकलीच्या दाराचे काटे काढायला दोन माणसं तिथूनच उठून गेली. पटेल परत आले ते मनोरमाबाईंसमोर उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"आपने सच कहा, दीदी। बुरा नहीं मानते," ते म्हणाले. "पर अब इस गाँव में मत आना।"

बाईंनी मान डोलावली. त्यांना ते योग्यच वाटलं. समीर काहीतरी बोलणार होता, त्याचा दंड धरून त्या त्याला गाडीकडे घेऊन गेल्या. त्या आत बसल्यावर रमकली धावत आली. तिने खिडकीतून बाईंचा हात धरला आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "हाथ मेरा था, दीदी।"

"शिरा माझा होता," बाई मराठीतच म्हणाल्या. रमकलीला ते कळलं असावं. तिने हात सोडला नाही, गाडी हलल्यावरच तो सुटला.

त्या हंगामात सेमरढाण्याची माणसं दिवसाच चढली. रिकाम्या खुंटीसाठी मनोरमाबाईंनी नवा पोशाख शिवून पाठवला, बिनखिशाचा. मध आला, चांगला आला. समीरने एक बाटली आणून दिली ती उदयरावांनी कपाटात मागे ठेवून दिली. येणारेजाणारे सांगत की रमकली घरी आहे, शेळ्या कळपात आहेत, केस तिने कापून टाकलेत आणि ते पुन्हा वाढताहेत. फार बोलत नाही, पण कामाला चोख आहे.

आणि अवधपुरीतला वास थांबला. मनोरमाबाईंच्या ते आधी लक्षात आलं नाही. एका दुपारी ओटा पुसून त्या नेहमीसारख्या खुर्चीवर बसल्या आणि काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. उदयरावांना त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांनी देवाला हात जोडले आणि पेढे आणायची भाषा केली. बाई हसल्या नाहीत. दुपार झाली की त्या खुर्चीवर बसून वाट बघू लागल्या. फ्रिज उघडत, ओट्याखाली वाकत, डबा हुंगत, अगदी पूर्वीसारख्या. आता त्यांना तो यायला हवा होता. इथे येत नाही, म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी जात असणार, आणि कुठे, ते त्यांना ठाऊक होतं. सेमरढाण्याच्या एका घरात दुपारी एक बाई उठून मडक्यामागे, चुलीमागे काहीतरी शोधत असेल, आणि "तुला येतोय का?" असं विचारायला तिच्याजवळ उदयरावसुद्धा नसतील.

एका सकाळी केळेवाला हाक देत गल्लीतून चालला होता. मनोरमाबाईंनी त्याला थांबवलं आणि एक अख्खा घड घेतला, त्यातला त्यात जास्त पिकलेला. आंघोळ करून आलेल्या उदयरावांना तो ओट्यावर दिसला.

"केळी?" ते म्हणाले. "आपल्या घरात?" आणि सवयीने पिशवी शोधू लागले.

"राहू द्या," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि खुर्ची घडाजवळ ओढली. "इथेच राहू द्या. पिकू द्या इथे."